सलग नऊ हार आणि रिकामं टाउन सेंटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 29, दिवसभर नोकरी, रात्री जेवणं आटोपल्यावर एज ऑफ एम्पायर्स 2 या गावं वसवून लढायच्या संगणक-खेळाचे दोन-तीन रँक्ड, म्हणजे गुण मोजले जाणारे, सामने, एकास एक. आतापर्यंत तीनेकशे सामने झालेत. गेल्या आठवड्यात सलग नऊ हरलात आणि एलो, म्हणजे तुमच्या पातळीचा गुणांक, 870 वरून 730 वर आला. बिल्ड ऑर्डर, म्हणजे सुरुवातीला काय कोणत्या क्रमाने करायचं ते, पाठ आहे, यूट्यूबवर रोज काही ना काही बघता, तरी हरता. हरल्यावर रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. बायको म्हणते, एवढा त्रास होतो तर खेळता कशाला? आणि शेवटची ओळ: ‘माझ्यातच काही कमी आहे का? सोडून देऊ का?’ सोबत नवव्या सामन्याचं रेकॉर्डिंग पाठवलंत, हे फार बरं केलंत. मी ते दोनदा बघितलं, एकदा तुमच्या बाजूने आणि एकदा समोरच्याच्या.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी काही व्यावसायिक खेळाडू नाही. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर 2002 साली हा खेळ लागला, मधली पंधरा वर्षं सुटला, आणि डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आल्यावर 2020 मध्ये पुन्हा चिकटला. आज 1350 च्या आसपास असतो. रविवारी सकाळी सात-आठ जणांना शिकवतो; बहुतेक जण 600 ते 1000 मधले. म्हणजे तुमच्यासारखी रेकॉर्डिंग मी भरपूर बघितली आहेत, आणि माझी स्वतःची त्याहून वाईट होती.

तुम्ही दोन प्रश्न एकात गुंडाळले आहेत. हरल्यावर जे होतं ते कसं सोसायचं, हा एक. खेळ सुधारायचा कसा, हा दुसरा. तुमची समजूत अशी दिसते की दुसरा सुटला की पहिला आपोआप सुटेल. जिंकायला लागलो की रात्री झोप लागेल. हे होणार नाही, आणि का होणार नाही ते आधी सांगायला हवं. कारण ते गणितच आहे.

एलो ही पद्धत मूळची बुद्धिबळाची, आर्पाद एलो नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाने बसवलेली. दोघांचे गुण सारखे असतील तर जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. शंभर गुणांचा फरक असेल तर वरच्याची शक्यता साधारण 64 टक्के, दोनशेचा असेल तर 76. आता बघा, सामना जुळवणारी यंत्रणा काय करते? तुमच्याइतकेच गुण असलेला माणूस शोधून समोर बसवते. तुम्ही जिंकलात की थोडा तगडा आणते, हरलात की थोडा हलका. तिचं कामच हे आहे की तुम्ही निम्मे सामने हरावेत. 730 वर निम्मे हराल, 1000 वर गेलात तरी निम्मे हराल. मी 1350 वर निम्मे हरतो. नॉर्वेचा द वायपर आणि कॅनडाचा हेरा, म्हणजे या खेळातली दोन सर्वांत मोठी नावं, तेही समोर तोडीचा माणूस आला की हरतात. फक्त अगदी टोकावर बसलेल्यांना तोडीची माणसंच कमी मिळतात, म्हणून त्यांचं जिंकण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

त्यामुळे आजची संध्याकाळ चांगली गेली की वाईट, हे जर तुम्ही जिंकण्या-हरण्यावर ठरवत असाल, तर आयुष्यभर तुमच्या निम्म्या संध्याकाळी वाईट जाणार. कितीही सुधारलात तरी.

सलग नऊ हारींचंही बघू. छापा-काट्यासारखा निम्मा-निम्मा खेळ धरला, तर शंभर सामन्यांत कुठेतरी सलग सहा हारी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच निघते. सलग नऊ तशा दुर्मीळ, पण तीनशे सामन्यांत एकदा तशी रांग लागण्याची शक्यता चारात एक आहे. म्हणजे नऊ हारी आल्या यावरून तुमच्यात काही कमी आहे असं सिद्ध होत नाही. प्रत्येक हारीला साधारण 16 गुण जातात, नऊ गुणिले सोळा 144. तुमचे 140 गेले. हिशोब चोख आहे, कोणी फसवलेलं नाही.

पण सगळंच नशिबावर ढकलू नका. तुम्हीच लिहिलंय की त्यातले सहा सामने एकाच रात्री झाले, शेवटचा साडेबाराला. ते छापा-काटा नव्हते. तिसऱ्या हारीनंतर तुम्ही खेळायला बसला नव्हतात, वसुलीला बसला होतात.

मी ही वसुली चांगली ओळखतो. 2021 च्या पावसाळ्यात एका रात्री 1104 वरून 1010 पर्यंत आलो. दर हारीनंतर एकच विचार: एक जिंकतो आणि झोपतो. शेवटच्या सामन्यात समोरच्याने माझं लाकूड तोडायचं ठिकाण मनोरे बांधून घेरलं आणि चॅटमध्ये 11 टाकलं. हा खेळ खेळणाऱ्याला 11 म्हणजे काय ते सांगायला नको. तो खदाखदा हसण्याचा आवाज आहे. मी कीबोर्डवर मूठ आपटली. आतल्या खोलीत मुलगी दचकून उठली, तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला मांडीवर घेऊन परत झोपवताना मला जी लाज वाटली, ती 94 गुणांची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नियम केला: लागोपाठ दोन हरलो की त्या दिवसापुरता खेळ बंद. जिंकत असलो तर चालू ठेवायचा, पण साडेअकराच्या पुढे नवा सामना नाही. आजपर्यंत दहा-बारा वेळा मोडला असेन, आणि बहुतेक वेळा पस्तावलो.

दोनच का? या आकड्याला शास्त्र नाही, माझ्या वहीचा आधार आहे. माझ्या नोंदींत लागोपाठ दोन हारींनंतरचा तिसरा सामना मी जितके वेळा हरायला हवा त्याहून बराच जास्त हरत होतो. तुमचा आकडा तीन असेल, एखाद्याचा एक. ते माणसावर आहे. पण आकडा सामना सुरू होण्याआधी ठरवा. हरल्यानंतर ठरवलेला आकडा नेहमी एकाने वाढतो.

आता तुमच्या रेकॉर्डिंगकडे येतो. तुमच्या मते तुम्ही का हरलात? तुम्ही लिहिलंय: ‘मी नाइट (जड घोडेस्वार) बनवले, त्याने क्रॉसबो आणि भालेवाले एकत्र आणले, मला योग्य उत्तर देता आलं नाही.’ सव्विसाव्या मिनिटाला तुमचे सात नाइट त्याच्या पंचवीस जणांत घुसले आणि संपले, तुम्ही शरण गेलात. तुमच्या डोळ्यांसमोर तो क्षण आहे, म्हणून रात्री अंथरुणात तुम्ही तीच लढाई पुन्हा पुन्हा लढता.

मी मात्र तो सामना आठव्या मिनिटालाच गेलेला बघितला.

तुम्ही फ्रँक्स ही संस्कृती घेतली होती, नकाशा अरेबिया, म्हणजे उघडं मैदान, बेत 21 लोकसंख्येवर फ्यूडलला, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगात, जाऊन स्काउट, म्हणजे हलके घोडेस्वार, काढायचा. बेत उत्तम. आता कागद-पेन्सिल घ्या. सुरुवातीला तीन व्हिलेजर, म्हणजे माल गोळा करणारे गावकरी, आणि एक स्काउट मिळतो. 21 लोकसंख्या म्हणजे वीस व्हिलेजर, म्हणजे नवे सतरा. एका व्हिलेजरला 25 सेकंद. सतरा गुणिले पंचवीस, 425 सेकंद. लूम या सुरुवातीच्या सुधारणेचे 25 धरा. झाले 450 सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर बनवणारी मुख्य इमारत, एक क्षणही रिकामं, म्हणजे काही न बनवता, राहिलं नाही, तर खेळाच्या घड्याळात 7:30 ला फ्यूडलचं बटण दाबता येतं आणि पुढच्या 130 सेकंदांनी, 9:40 ला, फ्यूडल युग लागतं.

तुम्ही बटण दाबलंत 10:05 ला. लोकसंख्या बरोबर 21, बिल्ड ऑर्डरमधला प्रत्येक माणूस बरोबर जागी. फक्त अडीच मिनिटं उशीर. ती अडीच मिनिटं कुठे गेली? मी हाताने मोजली. अन्नासाठी पहिल्या रानडुकराला आणताना टाउन सेंटर 35 सेकंद रिकामं, कारण सगळं लक्ष डुकराकडे. घर बांधायला विसरलात, आणि घराशिवाय लोकसंख्या वाढत नाही, म्हणून एकदा 40 सेकंद आणि एकदा 20. पंचवीस लाकडाच्या घरापायी एक मिनिट. स्काउट घेऊन शत्रूचं गाव शोधत होतात तेव्हा 30 सेकंद. बाकी पाच-पाच, दहा-दहाची चिल्लर. बेरीज 155 सेकंद, म्हणजे सहा व्हिलेजर. यापुढे कुठल्याही क्षणी तुमच्याकडे जितके असायला हवेत त्यापेक्षा सहा कमी.

एक व्हिलेजर मिनिटाला ढोबळमानाने वीस एकक माल गोळा करतो. सहा जणांचे मिनिटाला 120, दहा मिनिटांत 1200. एका नाइटला 60 अन्न आणि 75 सोनं, एकूण 135 लागतात. करा भागाकार. तुमच्या सात नाइटांसोबत आणखी आठ नाइट तिथे असायला हवे होते, त्या सहा व्हिलेजरांचा खर्च वजा केला तरी सहा-सात. आणि ही फक्त पहिल्या दहा मिनिटांची गळती. एकोणिसाव्या मिनिटापर्यंत तुमचं टाउन सेंटर एकूण 6 मिनिटं 40 सेकंद रिकामं होतं: सोळा व्हिलेजर. वर कोठारात 900 लाकूड पडून. शेताला 60 लाकूड लागतं, म्हणजे पंधरा शेतं तुम्ही खिशात घेऊन हिंडत होतात, आणि तक्रार काय, तर नाइटला अन्न पुरत नाही. तेही फ्रँक्स घेऊन, ज्यांना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात!

रागावू नका, मी हसतोय ते तुम्हाला नाही. माझं 2020 मधलं एक रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय, त्यात माझ्या कोठारात 2300 लाकूड आहे.

सांगायचं हे की सव्विसाव्या मिनिटाला तुम्ही नाइटांच्या जागी जगातलं सगळ्यात योग्य सैन्य आणलं असतं, तरी बहुधा हरला असतात, कारण ते निम्म्याने कमी असतं. ‘कशावर काय आणायचं’ हा प्रश्न 1100-1200 नंतर खऱ्या अर्थाने सुरू होतो. तुमच्या पातळीवर टाउन सेंटर चालू ठेवणारा माणूस चुकीचं सैन्य घेऊनही जिंकतो, निव्वळ संख्येवर. तुमचं दुःख आणि तुमचा अभ्यास, दोन्ही सामन्याच्या शेवटाकडे बघतायत, आणि आजार सुरुवातीला आहे.

यात एक चांगली बातमी दडलेली आहे. मी समोरच्याचंही मोजलं. त्याचं टाउन सेंटर चार मिनिटं रिकामं होतं! त्यानेही दोनदा घर विसरलं, त्याचे तीन व्हिलेजर जवळजवळ दोन मिनिटं जंगलाच्या कडेला नुसते उभे होते. तो काही तुमच्यापेक्षा हुशार नव्हता, तुमच्यापेक्षा अडीच-पावणेतीन मिनिटं कमी विसरला. एवढंच अंतर आहे.

मग यूट्यूबचा उपयोग का होत नाही? होतो, पण आपण बघतो काय ते बघा. हेराचे आर्चर बाण चुकवत नाचतात ते आपण बघतो, कारण कॅमेरा तिथे असतो. त्याच वेळी त्याचं डावं बोट टाउन सेंटर निवडून व्हिलेजर टाकून आलेलं असतं, ते पडद्यावर अर्धा सेकंदही दिसत नाही. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाचा कव्हर ड्राइव्ह दिसतो. सकाळी सहाला शिवाजी पार्कला केलेली पायांची घोटाई दिसत नाही, तसं. एक प्रयोग करा. पुढचा व्हिडिओ बघताना लढाई अजिबात बघू नका. लोकसंख्येच्या आकड्यावर नजर ठेवा आणि तो किती सेकंद थांबतो ते मोजा. दहाव्या मिनिटापर्यंत कंटाळून जाल, कारण तो जवळजवळ थांबतच नाही. तो कंटाळाच शिकण्यासारखा आहे.

सरावाचं म्हणाल तर पंधरा दिवस मी सांगतो तेवढंच करा, आणि दुसरं काही करू नका. दुसरं न करणं अवघड जाईल.

रोज बसल्यावर आधी एक डाव एकट्याने, अगदी सोप्या संगणकासमोर, फक्त फ्यूडल लागेपर्यंत. खेळाचं घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा पळतं, नेहमीच्या वेगात 1.7 पट, म्हणून ही दहा मिनिटं खरं तर सहाच मिनिटांची असतात. ध्येय एकच, टाउन सेंटर रिकामं राहू द्यायचं नाही. त्यासाठी कळफलकावरची सवय लावा: एच दाबलं की टाउन सेंटर, क्यू दाबलं की व्हिलेजर. कॅमेरा हलवायचीही गरज नाही. एक चालू आणि एक रांगेत, असं ठेवा. जाणकार सांगतील की रांगेतल्या माणसाचे 50 अन्न अडकून पडतात. अडकू देत. 730 वर ते अडकलेले पन्नास रिकाम्या टाउन सेंटरपेक्षा स्वस्त पडतात. खऱ्या घड्याळात व्हिलेजर दर पंधरा सेकंदांनी निघतो. माझा एक विद्यार्थी तबला शिकलेला, तो मनातल्या मनात आवर्तनं मोजायचा आणि समेवर एच-क्यू मारायचा. हसू नका, सगळ्या गटात त्याचाच फ्यूडल सगळ्यांत आधी लागायचा.

मग जास्तीत जास्त दोन रँक्ड सामने. त्यात तेच एक काम. लढाई होत असेल, गाव जळत असेल, तरी एच-क्यू. लढाई हरलात तरी चालेल, टाउन सेंटर रिकामं पडलं तर चालणार नाही. पहिला आठवडा यामुळे तुम्ही आणखी थोडे हराल, कारण लक्ष लढाईवरून उडेल. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी मला शिव्या घालाल.

आणि वही. मोबाइलमध्ये नको, खरी वही, शाळेची चालते. सामना संपल्यावर निकालाच्या पडद्यावर टेक्नॉलॉजीच्या रकान्यात फ्यूडल कधी लागलं ती वेळ दिसते. ती लिहा. तुमच्या नवव्या सामन्याची 12:15 आहे, आदर्श 9:40. मग एक वाक्य: मी का हरलो किंवा का जिंकलो. अट अशी की वाक्याचा कर्ता ‘मी’ हवा. ‘त्याने फार लवकर हल्ला केला’ हे चालणार नाही. ‘त्याचे स्काउट आले तेव्हा मी भालेवाले काढले नव्हते’ हे चालेल. ‘नकाशा वाईट मिळाला’ चालणार नाही, ‘माझं सोनं पुढच्या बाजूला होतं हे मी उशिरा बघितलं’ चालेल. एलो वहीत लिहायचा नाही. बायकोला सांगायचा झाला तरी तो न सांगता फ्यूडलची वेळ सांगा. माझ्या घरी ‘आज किती?’ असं विचारलं की मी ‘दहा-पाच’ म्हणतो, आणि कोणालाही काहीही कळत नाही. फार शांतता आहे त्यात.

ही वही झोपेसाठीही आहे. डोळा का लागत नाही? कारण डोकं सुटत नाही, ते सव्विसाव्या मिनिटाच्या लढाईत अडकलेलं असतं. हरल्यावर जीजी (‘गुड गेम’) लिहा, वेळ आणि वाक्य टिपा, वही मिटा, उठून पाणी प्या, गॅलरीत दोन मिनिटं उभे राहा. रेकॉर्डिंग त्याच रात्री कधीच बघू नका. रात्री बघितलं की आपण पुरावे शोधतो, एकतर समोरच्याविरुद्ध नाहीतर स्वतःविरुद्ध. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघितलं की चूक दिसते.

आता ‘त्याने फार लवकर हल्ला केला’ यावर जरा थांबतो, कारण तुमच्या पत्रात हे तीनदा आलंय, आणि एकदा तर ‘असं जिंकण्यात काय अर्थ आहे’ असंही. मला आमचं हॉस्टेल आठवलं. आमच्याकडे लॅनवर नियम असायचा: पहिली वीस मिनिटं कोणी कोणावर चाल करायची नाही. सगळे आपापलं गाव सजवणार, भिंती बांधणार, मग विसाव्या मिनिटानंतर हत्ती वगैरे घेऊन मोठी लढाई. कोणी अठराव्या मिनिटाला आला तर त्याला रडीचा डाव म्हणून अख्खा मजला शिव्या घालायचा. मजा यायची, नाही म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं तसं खेळल्यावर मी 2020 मध्ये रँक्डला उतरलो आणि दहाव्या मिनिटाला स्काउट घुसले, तेव्हा मला खरोखर अन्याय झाल्यासारखं वाटलं. मनात आमच्या हॉस्टेलचा नियम होता, आणि समोर बसलेल्या ब्राझीलच्या पोराला त्याची काही कल्पना नव्हती. हरण्याच्या रागातला मोठा हिस्सा असाच असतो. समोरचा आपल्या मनातला नियम मोडतो, खेळाचा नाही. मनोरे बांधून घेरणं, लवकर चाल करणं, व्हिलेजर मारून पळून जाणं, हे सगळं खेळात बसतं. ज्यांना शांतपणे गाव उभं करायला आवडतं त्यांच्यासाठी अरीना हा नकाशा आहे, सुरुवातीपासून दगडी भिंती असलेला. तो खेळा, त्यात कमीपणा काही नाही. पण अरेबिया निवडून ‘लवकर का आलास’ म्हणायचं नाही.

काही गोष्टी मात्र खऱ्या अन्यायाच्या असतात. वरच्या पातळीचे काही जण मुद्दाम हरून खाली येतात आणि नवख्यांना झोडपतात. तुमचं इंटरनेट सामन्याच्या मध्यात गेलं तर हार तुमच्याच नावावर. एखादा नकाशा खरंच उघडाबोडका मिळतो. असं झालं की वहीत त्या सामन्यापुढे फुली मारा आणि पुढे चला. पण महिन्याभरात फुल्या पाचाच्या वर गेल्या तर समजा की त्यातल्या चार खोट्या आहेत.

अजून एक, सांघिक सामन्यांबद्दल. तुम्ही विचारलंय की एकास एक सोडून मित्रांबरोबर खेळावं का. खेळा, आठवड्यातून एकदा नक्की खेळा, तिथे हरणं हलकं जातं कारण चौघांत वाटलं जातं. पण सुधारणा तिथे मंद होते. चौघांत दोष द्यायला नेहमी कोणीतरी हाताशी असतो.

वय, प्रतिक्षिप्त क्रिया, महागडा माउस, यांतलं काही 730 ते 1000 च्या मध्ये आडवं येत नाही. 1000 वर पोचायला किती दिवस लागतील हे मात्र तुमच्या वेळेवर आहे. रोज तासभर मिळत असेल तर तीन-चार महिने धरा; माझ्या गटात एकाला सहा आठवडे लागले, एकाला वर्ष, कारण त्याला जुळी मुलं झाली. मी स्वतः 1100 वर चौदा महिने अडकलो होतो. तिथे आजार वेगळा होता, पण तो तुमचा आजचा प्रश्न नाही.

एका गोष्टीवर मी काही बोलू शकत नाही, तुम्हालाच बघावं लागेल. हरल्यावरचा हा राग फक्त खेळापुरता आहे, की ऑफिसात, गाडी चालवताना, घरातही असाच येतो? फक्त खेळापुरता असेल तर वरचं पुरेल. सगळीकडे येत असेल, किंवा दोन सामन्यांवर थांबायचं ठरवूनही रोज दोन वाजत असतील, तर महिनाभर खेळ बाजूला ठेवा आणि समुपदेशकाशी बोला. ते माझ्या रविवारच्या वर्गाचं काम नाही.

सोडून देऊ का, याचं उत्तर राहिलं. पंधरा दिवस सोडू नका, पण एलोसाठी खेळणं आजच सोडा. पंधरा दिवसांनी, दोन सामन्यांच्या नियमाने खेळूनही, वही उघडताना कुतूहल वाटत नसेल आणि नुसतं ओझं वाटत असेल, तर खुशाल सोडा. हा खेळ 1999 पासून आहे, तुम्ही परत याल तेव्हाही असेल. मी पंधरा वर्षांनी आलो होतो, दार उघडंच होतं.

तोवर एक काम. पंधराव्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा. किती जिंकलात ते लिहू नका. फक्त फ्यूडलच्या वेळांचा रकाना दिसू द्या, 12:15 पासून खाली.